धुराच्या नळीचा खर्च कोणाचा?

सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या मोर्शी-वरुडच्या पट्ट्यात मार्गशीर्षातली थंडी जरा अधिकच झोंबते. अंबिया बहाराच्या संत्र्यांची तोड याच सुमारास उरकत आलेली असते. बागाइतदाराच्या हाती चार पैसे खेळत असतात, आणि गावाबाहेरच्या नव्या ले-आउटमध्ये कर्ज काढून घर बांधलेल्या शिक्षकाला वा कारकुनाला घरातल्या चौघांच्या आंघोळी आटोपून वेळेवर कामावर पोहोचायचे असते. पाणी तापविण्याची जुनी साधने अशा घरांतून आता हद्दपार झाली आहेत. त्यांच्या जागी न्हाणीघराच्या भिंतीवर एक पांढरी पेटी टांगलेली दिसते. तिच्यात गार पाणी आणि गॅस शिरतो, व अर्ध्याएक मिनिटात कढत पाणी बाहेर येते. दुकानदार किंमत सांगतो, जोडणी फुकट करून देण्याचे कबूल करतो आणि हमीपत्रावर शिक्का मारतो. परंतु त्या पेटीत जे जळणार त्याचा वायू कोणत्या वाटेने बाहेर जाणार, आणि जळण्यासाठी लागणारी हवा कोणत्या वाटेने आत येणार, हा प्रश्न गिऱ्हाईक विचारीत नाही आणि दुकानदारही स्वतःहून काढीत नाही. बिलात तशी ओळच नसते.

ही न लिहिलेली ओळ हाच या लेखाचा विषय आहे.

अर्थशास्त्राच्या क्रमिक पुस्तकांत पहिल्या-दुसऱ्या प्रकरणातच 'मुक्त वस्तू' आणि 'आर्थिक वस्तू' असा भेद शिकविला जातो. जी मुबलक आहे, जिच्यासाठी कोणाला काही मोजावे लागत नाही, ती मुक्त वस्तू. आणि तिचे ठरलेले उदाहरण म्हणजे हवा. विद्यार्थी ते पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि गुण मिळवितात. वऱ्हाडातील जुन्या घरांपुरते हे उदाहरण खरेही होते. मातीच्या भिंती, वर कवेलूंचे छप्पर, भिंत आणि वासे यांच्यामध्ये वीतभर फट, दाराच्या फळ्यांतून दिसणारा उजेड, आणि धाब्याचे घर असेल तर छतात ठेवलेले साणे. अशा घरात हवा खेळवावी लागत नसे, ती आपोआप खेळे. धूर कवेलूंच्या सांध्यांतून झिरपून जाई. घर बांधणाऱ्याने त्यासाठी एक छदामही वेगळा खर्च केलेला नसे. घराची गळती हीच त्याची वायुवीजनाची व्यवस्था होती, असे म्हटले तरी चालेल.

आणि जेथे आग पाण्याच्या अगदी जवळ आणायची, तेथे जुन्या कारागिराने विचार केलेला होता. तांब्याचा बंब पाहा. वऱ्हाडात पऱ्हाटी आणि तुराट्या, मोर्शीकडे संत्र्याच्या झाडांची काढलेली सल, असे मिळेल ते जळण त्यात चाले. बंबाच्या मधोमध तळापासून वरपर्यंत गेलेला एक नळा असतो. त्याच्या बुडाशी जाळी. राख जाळीतून खाली पडते, त्याच जाळीतून हवा वर ओढली जाते, आणि धूर नळ्यातून सरळ आकाशाकडे निघतो. पाणी या नळ्याभोवती असते, म्हणून ते लवकर तापते. हवा आत येण्याची वाट, धूर जाण्याची वाट आणि उष्णता पाण्याला देण्याची युक्ती, या तिन्ही गोष्टी तांबटाने एकाच भांड्यात बसविल्या होत्या. नळ्याविना बंब कोणी विकत नव्हते आणि कोणी मागतही नव्हते. नळ्याविना तो बंबच होत नाही. एवढे असूनही घरोघरी बंब बहुधा परसदारी किंवा न्हाणीच्या दाराबाहेर पेटत असे, आणि पाणी बादलीने आत नेले जाई. धूर कोठे जाईल याची काळजी त्या पिढीला होती ती शास्त्राच्या ज्ञानातून नव्हे. डोळे चुरचुरत म्हणून. पण काळजी होती.

नव्या घराने दोन गोष्टी एकदम केल्या. आग परसदारातून उचलून न्हाणीघरात आणली, आणि त्याच वेळी न्हाणीघराची सगळी भोके बुजविली. छत सिमेंटचे, भिंतीला छतापर्यंत फरशी, दार प्लास्टिकचे आणि चौकटीत घट्ट बसणारे, खिडकीला सरकती काच. डास येऊ नयेत, थंडी लागू नये, शेजारचे डोकावू नयेत, म्हणून ती काच हिवाळ्यात कायमची बंद. हवेला 'मुक्त वस्तू' म्हणण्याचा अधिकार या खोलीत कोणालाच उरलेला नाही. येथे ती दुर्मीळ आहे, मोजकी आहे, आणि तिच्यासाठी आतील माणूस आणि भिंतीवरील ज्योत यांच्यात स्पर्धा आहे.

ही स्पर्धा किती विषम आहे याचा हिशेब कोणत्याही शाळामास्तराला फळ्यावर मांडता येईल. पाच फूट लांब, सहा फूट रुंद आणि आठ फूट उंच न्हाणीघरात २४० घनफूट हवा मावते. स्वयंपाकाचा एक किलो गॅस पूर्ण जळायला सुमारे सव्वाचारशे ते साडेचारशे घनफूट हवा लागते. मिनिटाला सहा लिटर पाणी तापविणारा गिझर पूर्ण ज्योतीवर तासाला जवळजवळ एक किलो गॅस जाळतो. म्हणजे नळ अर्धा तास चालू राहिला तर त्या खोलीतील जवळपास सर्व हवा एकट्या ज्योतीच्या वाट्याला गेली. दार उघडले-मिटले की थोडी हवा आत येते हे खरे. पण हवा पूर्ण संपण्याची वाट पाहावी लागत नाही. हवेत साधारण २१ टक्के असलेला प्राणवायू दोन-तीन टक्क्यांनी घटला की ज्योत बिघडू लागते. गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ लागतो.

या वायूला रंग नाही, वास नाही, चव नाही, आणि तो डोळ्यांना चुरचुरतही नाही. बंबाच्या धुराने निदान ओरडून सांगितले असते. रक्तातील हिमोग्लोबिनशी हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो, त्यामुळे छाती वरखाली होत असते, श्वास चालू असतो, आणि तरी शरीर उपाशी राहते. हवेच्या हजार भागांत या वायूचे पाच-सहा भाग झाले तर दहा-पंधरा मिनिटे जिवावर बेतण्यास पुरतात. आधी डोके जड होते, मग हातापायांतले बळ जाते. म्हणूनच आतील माणसाला कडी समोर दिसत असूनही ती काढता येत नाही. मार्च २०२३ मध्ये धुळवडीचा रंग धुण्यासाठी न्हाणीघरात गेलेले मुंबईतील एक दांपत्य मृतावस्थेत आढळले, तेव्हा संशयाचे बोट गॅस गिझरकडेच वळले होते. दर हिवाळ्यात अशा एकदोन बातम्या कोपऱ्यात छापून येतात, आणि कारण म्हणून 'गुदमरून' एवढा एकच शब्द असतो.

जे वाचतात त्यांची गोष्ट आणखी वेगळी. न्हाणीघरात कोसळलेल्या माणसाला घरचे लोक उचलून बाहेर आणतात, मोकळ्या हवेत तो थोड्या वेळाने सावध होतो, आणि 'फिट आली', 'चक्कर आली', 'रक्तदाब वाढला' असे निदान होऊन औषधे सुरू होतात. भारतातील मेंदूविकारतज्ज्ञांनी अशा रुग्णांची नोंद वैद्यकीय नियतकालिकांत 'गॅस गिझर सिंड्रोम' या नावाने केलेली आहे. ज्याला फिटांचा आजार नाही त्याने फिटांच्या गोळ्या घ्याव्या, आणि ज्या पेटीने त्याला पाडले ती भिंतीवर तशीच राहावी, हा प्रकार विलक्षणच म्हटला पाहिजे.

'गिझर' हा शब्द मूळचा आइसलंडमधील एका उष्ण पाण्याच्या कारंज्याचा. मोर्शीकरांना उन्हाळ्या नव्या नाहीत. तालुक्याच्या सीमेवरील सालबर्डीला उष्ण पाण्याचा झरा आहेच. तेथे निसर्ग पाणी तापवितो आणि धूर कोणाच्याही घरात येत नाही. लंडनच्या बेंजामिन मॉघन याने १८६८ मध्ये गॅसवर पाणी तापविण्याचे यंत्र काढले आणि त्याला त्या कारंज्याचे नाव दिले. त्याच्या यंत्रात पाणी तापे, ज्योत नीट जळे. एकच उणीव होती. जळालेला वायू बाहेर नेणारी नळी त्यात नव्हती. दीडशे वर्षांनंतर मोर्शीच्या दुकानात मिळणाऱ्या छोट्या गिझरला ती बहुधा नसतेच. वरच्या बाजूला चार फटी असतात, त्यांतून वायू खोलीतच सुटतो. एखाद्या सावध गृहस्थाने नळी बसवायची म्हटली तरी ती कोठे जोडायची, याला पेटीत तोंडच ठेवलेले नाही.

आणि तोंड असून नळी तुंबली तरी परिणाम तोच. प्रख्यात फ्रेंच कादंबरीकार एमिल झोला १९०२ च्या सप्टेंबरात पॅरिसमधील आपल्या राहत्या घरी रात्री झोपला तो सकाळी उठला नाही. शेगडीचे धुराडे तुंबले होते. पत्नी कशीबशी वाचली. धुराडे कोणी मुद्दाम बुजविले काय, याची चर्चा पुढे कित्येक वर्षे चालली. कादंबरीकाराचे निधन म्हणून निदान चर्चा तरी झाली.

धुराच्या नळीचा प्रश्न या भागाला मुळीच अपरिचित नाही. मोर्शीहून वर्धा काही फार दूर नाही. १९३४ च्या डिसेंबरात वर्ध्यास अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाजांनी दिलेल्या बागेत, मगनवाडीत, त्याचे काम चाले आणि जे. सी. कुमारप्पा हे अर्थशास्त्रज्ञ त्याचे चिटणीस होते. चरखा, घाणी, हातकागद यांच्याबरोबरच तेथे चुलीचाही विचार झाला, आणि धुराडे असलेली 'मगन चूल' पुढे देशभर माहीत झाली. अर्थशास्त्रज्ञाने चुलीत लक्ष घालावे याचे त्या काळी अनेकांना हसू आले असेल. परंतु कोणाच्या डोळ्यांत किती धूर जातो आणि तो थांबविण्याचा खर्च कोणाच्या खिशातून व्हायचा, हा प्रश्न अर्थशास्त्राचा नसेल तर कोणाचा असावा?

कारण चुलीच्या बाबतीत धूर एकाच्या वाट्याला आणि पैसा दुसऱ्याच्या हाती अशी वाटणी होती. धूर गृहिणीच्या डोळ्यांत जाई, आणि धुराड्यावर चार रुपये खर्चायचे की नाही हे ओसरीवर बसलेला कर्ता पुरुष ठरवी. त्याला तो खर्च चैनीचा वाटे. ए. सी. पिगू या केंब्रिजच्या प्राध्यापकाने १९२० मध्ये आपल्या ग्रंथात कारखान्यांच्या धुराचे उदाहरण घेऊन दाखविले की धुराडे उभारणारा नफा घेतो आणि काजळीचा खर्च शेजाऱ्यापाजाऱ्यांवर पडतो. भारतीय स्वयंपाकघरात हे उदाहरण उलटे केले तरी लागू पडते. येथे धुराडे न उभारण्यामुळे बचत होते आणि तिचा खर्च घरातल्याच दुसऱ्या माणसावर पडतो. घराच्या चार भिंतींत होतो म्हणून तो कोणत्याही राष्ट्रीय उत्पन्नाच्या आकड्यातून वजा होत नाही, एवढेच. घरातील प्रदूषित हवेमुळे २०२० या एका वर्षात जगात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

केंद्र सरकारने १९८३ मध्ये सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. २००२ मध्ये तो राज्यांकडे सोपविला जाईपर्यंत देशात तीन कोटींहून अधिक चुली बसविल्या गेल्या. त्यांतल्या बऱ्याच चुलींना धुराची नळी होती. मग त्या गेल्या कोठे? नळीत काजळी साचली आणि ती काढायची कोणी हे ठरलेले नव्हते. छपराला पाडलेल्या भोकातून पावसाळ्यात पाणी गळू लागले. एखादा तुकडा फुटला तर तो गावात मिळेना. शेवटी नळी उपसून काढली गेली आणि चूल पूर्ववत धुरकट झाली. उद्दिष्टाच्या रकान्यात मात्र बसविलेल्या चुलींची संख्या तशीच राहिली. नळी ही बसवून विसरून जाण्याची वस्तू नव्हे. ती वर्षानुवर्षे कोणीतरी राखावी लागते, आणि राखणाऱ्याला मजुरी द्यावी लागते. सरकारने वस्तूसाठी अनुदान दिले, राखणीसाठी दिले नाही.

पुढे १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली, आणि तिच्यातील आठ कोटीवी जोडणी ७ सप्टेंबर २०१९ रोजी औरंगाबाद, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगर, येथेच दिली गेली. लाकडाचा धूर कमी झाला ही निर्विवाद चांगली गोष्ट होय. पण गॅस म्हणजे धूरच नाही, असा एक समजही तिच्याबरोबर घरात शिरला. स्वयंपाकघरातील शेगडीपुरता तो बराचसा खपून जातो. खोली मोठी असते, दार उघडे असते, ज्योत लहान असते. गिझरची ज्योत शेगडीच्या तीन-चार मोठ्या बर्नरांएवढी असते आणि खोली कपाटाएवढी. त्यातच २००५ नंतरच्या काही वर्षांत विदर्भाने जे भारनियमन सोसले, त्याने विजेच्या गिझरवरचा लोकांचा विश्वास उडविला. वीज सकाळीच जाते आणि गॅस केव्हाही पेटतो, हा अनुभव होता. लोकांनी केलेली निवड मूर्खपणाची नव्हती. समोर मांडलेल्या किमतींवरून माणूस जशी करील तशीच ती होती. फक्त मांडलेल्या किमतींत एक किंमत कमी होती.

या सगळ्या व्यवस्थेत एक विसंगती मोठी बोलकी आहे. सिलिंडरपासून शेगडीपर्यंत गॅस नेणारी नारिंगी रबरी नळी घ्या. तिच्यावर मानकाचा क्रमांक असतो, तारीख असते, पाच वर्षांनी ती बदलावी असे सांगितलेले असते, आणि एजन्सीचा माणूस आला तर ती पाहतो. म्हणजे गॅस आत आणणाऱ्या नळीचा जन्म आणि मरण दोन्ही ठरलेले आहे. जळालेला वायू बाहेर नेणाऱ्या नळीला तारीख नाही, तपासणारा नाही. बहुतेक घरांत ती स्वतःच नाही. गॅसवरील छोट्या गिझरांसाठी भारतीय मानक २००५ मध्ये तयार झाले. पण मानक पेटीचे झाले. पेटी कोणत्या भिंतीवर लागते, ती भिंत कोणत्या खोलीची आहे आणि त्या खोलीला किती फटी आहेत, हे पाहायला मानक मोर्शीपर्यंत येत नाही.

तसे पाहिले तर काय करावे हे गूढ नाही. पेटीला तोंड असेल तर धातूची नळी तेथून प्रथम सरळ वर चढली पाहिजे, कारण तापलेला वायू वर जातो. मग कमीत कमी वळणे घेऊन ती भिंतीबाहेर मोकळ्या हवेत निघाली पाहिजे. आडवी लांबवर फिरविलेली नळी वायूला थकविते. बाहेरचे तोंड दुसऱ्या खिडकीखाली उघडता कामा नये, आणि त्यावर टोपण हवे, म्हणजे पाऊस आत येणार नाही आणि चिमण्या-कबुतरे घरटे करणार नाहीत. नळकाम करताना उरलेला पीव्हीसी पाइप येथे वापरणे म्हणजे मूळ रोगापेक्षा औषध वाईट. तो उष्णतेने मऊ पडतो आणि सांधा सुटतो. याखेरीज हवा आत येण्यासाठी वेगळे, कधीही बंद न होणारे भोक पाहिजे, आणि एक जमिनीलगतही; कारण न जळालेला गॅस हवेहून जड असल्याने गळती झाली तर तो खाली साचतो.

येथे एका लोकप्रिय गैरसमजाचा उल्लेख केला पाहिजे. 'आमच्याकडे एक्झॉस्ट पंखा आहे' असे पुष्कळजण निश्चिंतपणे सांगतात. खोलीत हवा येण्याची वाट नसेल तर पंखा ती जिथून मिळेल तिथून ओढणार, आणि धुराची नळी असेल तर त्याला ती सर्वात सोयीची वाट सापडते. बाहेर निघालेला वायू उलटा फिरून न्हाणीघरात येतो. म्हणजे पंखा, नळी आणि बंद दार या तीन सुखसोयी एकत्र आल्या की त्यांतली एक दुसरीच्या विरुद्ध काम करते.

आणि पेटीला तोंडच नसेल, तर ती न्हाणीघराबाहेर टांगणे एवढाच मार्ग राहतो. परसदारी, मागच्या ओट्यावर किंवा गच्चीच्या जिन्याखाली मोकळ्या जागी पेटी लावावी आणि गरम पाणी नळाने आत आणावे. दहा-बारा फूट जास्तीचा पाइप, पेटीवर पावसापासून आडोसा, आणि प्रत्येक वेळी आधी येणारे एखाददुसरा लिटर गार पाणी, एवढाच वाढीव खर्च. मोर्शीसारख्या गावात घरांना अद्याप मागची जागा आहे. अमरावतीच्या सदनिकांत राहणाऱ्यांना हे सुख नाही. ज्यांना परवडेल त्यांनी गच्चीवर सौर बंब बसवावा. तो सूर्य देईल तसा चालतो आणि त्याला धूर नाही. मात्र ढगाळ दिवशी त्याच्यावर विसंबता येत नाही हेही सांगितले पाहिजे.

मग उपाय इतका सोपा असताना तो होत का नाही? याचे उत्तर लोकांच्या अज्ञानात शोधण्याची सवय सुशिक्षितांना असते. ते उत्तर अपुरे आहे. बाजारात प्रत्येकजण आपल्या जागी शहाणपणानेच वागतो आहे. कारखानदाराने नळीसह पेटी काढली तर ती शेजारच्या पेटीहून महाग दिसेल. दुकानदाराने धुराचा विषय काढला तर गिऱ्हाईक बिचकून दुसऱ्या दुकानात जाईल. जोडणी करणाऱ्या पोराला पेटीमागे ठरलेले पैसे मिळतात; भिंत फोडण्यात त्याचा अर्धा दिवस जाईल आणि त्याचे त्याला कोणी काही देणार नाही. गिऱ्हाइकाला धोका दिसत नाही, कारण वायूच दिसत नाही. माहितीपुस्तिकेत इशारा असतो. तो बहुधा इंग्रजीत, बारीक अक्षरांत असतो आणि पुस्तिका खोक्याबरोबर माळ्यावर जाते. चौघांच्या चार शहाणपणांची बेरीज एक मृत्यू अशी येते.

अशा वेळी नियमाची गरज लागते. ब्रिटनमध्ये १९९८ च्या नियमांनी असे ठरविले की खोलीतील हवा न घेता बाहेरूनच हवा घेणारे आणि बाहेरच वायू सोडणारे, म्हणजे दोन्ही नळ्या भिंतीपार गेलेले, यंत्र असेल तरच ते न्हाणीघरात बसवावे, एरव्ही नाही. जपानने त्याच्याही आधी, १९७९ मध्ये, गॅसवर पाणी तापविणारी यंत्रे आणि त्यांच्या धुराच्या नळ्या बसविण्याच्या कामावर पात्रताधारक माणसाची देखरेख सक्तीची करणारा स्वतंत्र कायदा केला. कायद्याने सर्व काही साधते असेही नाही. त्याच जपानमध्ये २००६ साली उघड झाले की एका कंपनीच्या गिझरांमुळे वीस वर्षांत २१ माणसे दगावली होती. वायू बाहेर फेकणारा पंखा बंद पडला की ज्योत विझावी अशी योजना त्या यंत्रांत होती, परंतु दुरुस्ती करणाऱ्यांनी तारा परस्पर जोडून ती निकामी केलेली आढळली. गिऱ्हाइकाची तक्रार होती की गिझर सारखा विझतो. कारागिराने तो विझेनासा केला. मगनवाडीच्या आणि सरकारी चुलींच्या अनुभवाशी ही हकिकत जुळते. नळी जितकी महत्त्वाची, तितकाच ती राखणारा माणूस.

आपल्याकडेही याचा नमुना नाही असे नाही. विजेची नवी जोडणी घेताना परवानाधारक कंत्राटदाराचा तपासणी अहवाल द्यावा लागतो. त्याशिवाय मीटर बसत नाही. विजेने माणूस मरतो हे मान्य केल्यावर वायरमनला परवाना आला. गॅस गिझर मात्र कोणीही बसवू शकतो: नळकाम करणारा, शेगडी दुरुस्त करणारा, किंवा दुकानातला नुसता हुशार मुलगा. तालुक्याच्या आयटीआयमधून तारतंत्री आणि नळकारागीर शिकून बाहेर पडतात. त्यांना धुराच्या नळीचे काम आठवडाभर शिकविणे आणि त्याचा दाखला देणे फार खर्चाचे ठरू नये. त्यात रोजगारही आहे, कारण नळी वर्षातून एकदा दिवाळीपूर्वी पाहावीच लागेल.

घराच्या नकाशाचेही तसेच. डिसेंबर २०२० पासून राज्याच्या बहुतेक भागांत एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावली लागू झाली. नगरपरिषदेकडे जाणाऱ्या नकाशावर न्हाणीघराची खिडकी काढलेली असते, कारण ती काढल्याविना मंजुरी नाही. त्या खोलीत पुढे काय जाळले जाणार आहे, हे नकाशाला कोणी विचारीत नाही. आणि मंजुरीनंतर त्या खिडकीला कोणती काच लागते, तेही कोणी पाहत नाही.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो अगदीच टाकाऊ नाही. नळी, बाहेरची जोडणी, दाखलाधारक कारागीर हे सारे सक्तीचे केले तर गिझरची किंमत वाढेल, आणि ज्याला तो आता जेमतेम परवडतो तो पुन्हा चुलीकडे वळेल. तेव्हा ज्याचे त्याने पाहावे हे बरे. किंमत वाढेल हे खरेच आहे. पण ती वाढ नवी नाही. ती आजही कोणीतरी भरतोच आहे, फक्त एकरकमी आणि बिलाबाहेर. प्रेशर कुकर घेताना शिट्टी आणि सुरक्षा झडप वेगळी विकत घ्या, परवडत नसेल तर राहू द्या, असे कोणी म्हणत नाही. झडप धरूनच कुकरची किंमत सांगितली जाते आणि तरीही गरिबाच्या घरात कुकर पोहोचला आहे. जे सर्वांना घ्यावेच लागते ते मोठ्या प्रमाणावर तयार होते आणि स्वस्तही होते. आज धातूची नळी आणि टोपण मोर्शीत मागायला गेले तर अमरावतीहून मागवावे लागेल असे उत्तर मिळण्याचाच संभव अधिक. कारण मागणारे विरळ आहेत.

हे सर्व नियम होतील तेव्हा होतील. तोवर एक गोष्ट खर्चाच्या दृष्टीने ध्यानात घेण्याजोगी आहे. या गावात अजून घरे उठत आहेत. न्हाणीघराच्या भिंती वर येत असतानाच छताखाली चार इंची एक भोक आणि जमिनीलगत दुसरे ठेवायला गवंड्याला सांगितले, तर तो त्याचे वेगळे पैसे मागत नाही. फरशी लागल्यावर तेच भोक पाडायचे म्हटले तर फरशी फोडणारा, भिंत कापणारा आणि पुन्हा फरशी बसविणारा असे तिघे बोलवावे लागतात. म्हणून ते काम पुढच्या हिवाळ्यावर ढकलले जाते, आणि तोवर खिडकीची काच बंदच असते.